एक रोग की अनेक? स्तनाचा कर्करोग आणि गुणसूत्रांची मोडतोड

स्तनाचा कर्करोग हा एकच आजार नाही, असं आज आपण सहज म्हणतो. हे कळायला मात्र फार वर्षं लागली. त्या प्रवासाचा एक धागा आपल्या नवी मुंबईतून जातो, म्हणून तो आज क्रमाने पाहू.

सुरुवात १९१४ सालापासून करू. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी मांडलं की कर्करोगाचं मूळ पेशीतल्या गुणसूत्रांच्या बिघाडात असावं. पेशी दुभंगताना गुणसूत्रं नीट वाटली जात नाहीत, तुटतात, भलत्याच ठिकाणी जोडली जातात. ही सतत चालणारी मोडतोड म्हणजेच जीनोमची अस्थिरता.

आपल्याकडे १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. तिथे डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे उंदरांच्या स्तनग्रंथींवर काम करू लागल्या. १९४९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी संबंध आहे का, हा प्रश्न त्यांनी त्या काळात हाती घेतला. बघा, तेव्हा डीएनएची रचनासुद्धा उलगडलेली नव्हती! १९५२ मध्ये स्थापन झालेली परळची ती संशोधन संस्था पुढे खारघरला आली. तेच आजचं अ‍ॅक्ट्रेक. आणि रणदिवेबाईंनी १९७३ मध्ये ज्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला, तिचं कार्यालय आपल्या वाशीत आहे.

आनुवंशिकतेचा ठोस पुरावा १९९० मध्ये आला. अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांनी १७ व्या गुणसूत्रावर बीआरसीए-१ जनुकाची जागा दाखवली. १९९४ मध्ये जनुकच सापडलं. त्याचं काम काय, तर तुटलेला डीएनए बिनचूक सांधणं. म्हणजे कारागीरच गैरहजर असेल, तर मोडतोड साचत जाणार.

२००० साली पेशींतल्या जनुकांच्या हालचालीवरून या रोगाचे उपप्रकार पाडले गेले. मग दिसलं की मोडतोडही सगळीकडे सारखी नसते. ल्युमिनल-ए प्रकारात ती तुलनेने कमी, ल्युमिनल-बी मध्ये जास्त. हर-टू प्रकारात १७ व्या गुणसूत्राच्या एका तुकड्याच्या प्रतीच वाढतात. ट्रिपल निगेटिव्हमध्ये पी-५३ हे राखणदार जनुक बहुतेक वेळा बिघडलेलं असतं आणि गुणसूत्रांची उलथापालथ मोठी असते. बीआरसीए-१ चा दोष असलेल्या स्त्रियांच्या गाठी बहुधा याच प्रकारच्या निघतात.

पण हीच त्या पेशीची दुखरी नस! दुरुस्ती जमत नाही, तर आणखी इजा केली की पेशी मरते. २००५ मध्ये पार्प रोखणाऱ्या औषधांचा मार्ग या विचारातून दिसला. कार्बोप्लाटिन हे जुनं औषधही डीएनएलाच इजा करतं. टाटा मेमोरियलने ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांवर त्याची चाचणी घेतली. २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले गेले: पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांना त्याचा स्पष्ट फायदा झाला.

तेव्हा घरात कुणाचा रिपोर्ट आला, तर 'कर्करोग आहे का' एवढ्यावर आपण थांबायचं नाही. प्रकार कोणता, आणि जनुकीय तपासणी करायला हवी का, हेही डॉक्टरांना विचारायचं. उत्तरावर तिचे उपचार ठरतात, आणि कधी कधी तिच्या बहिणीची, मुलीची वेळेवर तपासणीसुद्धा.