निवृत्तिवेतन : कृपेपासून हक्कापर्यंत

आपल्या ज्ञातीतील बहुसंख्य कुटुंबे मुंबईस आली ती गावाकडील शेतीवाडीचा आधार मागे ठेवून. आरंभी गिरगाव, परळ, दादर येथील चाळींत राहिलेली ही मंडळी पुढे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा उपनगरांत स्थिरावली. कोणी सचिवालयात कारकून, कोणी शाळेत शिक्षक, तर कोणी रेल्वेत वा टपालखात्यात. सोयरिकीच्या बोलण्यात ‘मुलाची नोकरी पेन्शनीची आहे’ एवढे वाक्य उच्चारले की वधूपित्याच्या मुद्रेवर समाधान दिसे. परंतु ज्या पेन्शनीच्या भरवशावर आपल्या दोन-तीन पिढ्या निश्चिंत झाल्या, तिच्यामागे कायदा कोणता, ती कोणास थांबविता येते काय, तीत चूक झाल्यास ती कशी सुधारावयाची, याचा विचार आपल्यापैकी फार थोड्यांनी केला असेल. आम्हीही केला नव्हता. त्या अज्ञानाचा भुर्दंड आमच्या एका स्नेह्यास बसला. ती हकीकत योग्य स्थळी येईलच. प्रथम इतिहास पाहू.

सेवेचा मोबदला सेवा संपल्यावरही मिळावा, ही कल्पना आपणांस परकी नाही. आपण आज ज्या साष्टीच्या भूमीवर राहतो, ती चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेपासून १७७४ पर्यंत मराठ्यांच्या अमलाखाली होती. त्या राज्यात रणात पडलेल्या शिपायाच्या मुलांस ‘बालपरवेशी’ मिळे. विद्वानांस व देवस्थानांस ‘वर्षासन’ मिळे. तथापि हे सारे धन्याच्या मर्जीवर अवलंबून असे. धनी पालटला की सनद पुन्हा करून घ्यावी लागे. न मिळाल्यास दाद मागण्यास दुसरे ठिकाण नव्हते.

या मर्जीची प्रचीती पुढे प्रत्यक्ष पेशव्यांच्या घराण्यासच आली. जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी सर जॉन माल्कम यांच्या स्वाधीन होताना सालीना आठ लक्ष रुपयांची नेमणूक पदरात पाडून घेतली व ते ब्रह्मावर्तास जाऊन राहिले. २८ जानेवारी १८५१ रोजी ते निवर्तताच, ही नेमणूक व्यक्तीपुरती होती असे म्हणून कंपनी सरकारने ती बंद केली. दत्तक पुत्र नानासाहेबांनी अर्ज केले, अजीमुल्लाखानास विलायतेस धाडले. परंतु उपयोग झाला नाही. पुढे १८५७ साली जे घडले ते सर्वश्रुत आहे. ज्याने द्यावयाचे तोच न्याय करणारा असला म्हणजे याचकाची काय गत होते, हे या प्रकरणावरून कळते.

यानंतर १८७१ चा २३ वा कायदा, म्हणजे पेन्शन कायदा, आला. या कायद्यास दोन तोंडे होती. चौथ्या कलमाने पेन्शनीविषयीचे दावे दिवाणी न्यायालयात चालविण्यास मनाई केली; सहाव्या कलमानुसार कलेक्टराचा दाखला मिळाला तरच दावा चाले. सरकारविरुद्धचे दार असे बंद केले. परंतु सावकाराविरुद्ध मात्र याच कायद्याने भक्कम भिंत उभी केली. अकराव्या कलमान्वये धनकोच्या मागणीवरून पेन्शनीवर जप्ती आणता येत नाही; बाराव्या कलमान्वये पुढे मिळावयाची पेन्शन आगाऊ लिहून दिली तर तो व्यवहार रद्दबातल ठरतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमातही सरकारी पेन्शन व उपदान यांस जप्तीतून वगळले आहे. निवृत्तीची रक्कम बँकेत मुदतठेवीत ठेवली म्हणून हे संरक्षण नाहीसे होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले. मुलाच्या कर्जास जामीन राहून रात्रीची झोप गमावलेल्या वडीलमंडळींनी हे ध्यानात ठेवावे.

सावकारापासून संरक्षण मिळाले, परंतु खुद्द सरकारपासून कोणते? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास स्वातंत्र्य व राज्यघटना यावी लागली. पहिले उत्तर एका मराठी घराण्याच्या प्रकरणातच मिळाले, याचा आम्हांस अभिमान वाटतो. ग्वाल्हेरच्या शिंद्यांबरोबर उत्तरेत गेलेल्या फाळके घराण्यास पूर्वजांच्या लष्करी सेवेबद्दल दरमहा २१ रुपये ८ आणे मिळत. संस्थान विलीन झाल्यावर मध्य भारत सरकारने साध्या हुकुमाने ही रक्कम बंद केली. माधवराव फाळके सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. शिंदे सरकारची ‘कलमबंदी’ हा कायदाच होता. कायद्याने दिलेला हक्क केवळ कार्यकारी हुकुमाने काढून घेता येत नाही, असा निकाल १९६० मध्ये झाला. आठ लक्षांचा दावा विलायतेपर्यंत जाऊन फुकट गेला. साडेएकवीस रुपयांचा दावा दिल्लीत जिंकला गेला! मधल्या शंभर वर्षांत कायद्याचे राज्य आले होते, एवढाच काय तो फरक.

पुढे १९७१ मध्ये, म्हणजे पेन्शन कायद्यास बरोबर शंभर वर्षे पूर्ण होत असता, बिहारच्या शिक्षणखात्यातील देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पेन्शन ही सरकारच्या लहरीवर अवलंबून असणारी बक्षिसी नसून ती सेवकाची मालमत्ता आहे. १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकरा प्रकरणाचा प्रसिद्ध निकाल लागला. ३१ मार्च १९७९ या तारखेच्या आधी निवृत्त झालेल्यांस सुधारित पेन्शन नाकारण्याची केंद्र सरकारची भिंत पाच न्यायमूर्तींच्या पीठाने पाडून टाकली. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड व न्यायमूर्ती तुळजापूरकर हे दोन महाराष्ट्रीय त्या पीठावर होते. तेव्हापासून १७ डिसेंबर हा दिवस देशभर ‘पेन्शनर दिन’ म्हणून पाळला जातो.

आपल्या राज्याचे महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९८२ पासून, अमलात आले. खाजगी अनुदानित माध्यमिक शाळांतील शिक्षकांस पेन्शन त्याआधीच, १९६८ च्या शासननिर्णयाने १ एप्रिल १९६६ पासून लागू झाली होती. त्यापूर्वीचे शिक्षक भविष्यनिर्वाह निधीच्या अल्पशा रकमेवर उर्वरित आयुष्य कंठीत, हे वृद्ध गुरुजनांच्या तोंडून आम्ही ऐकले आहे.

मात्र हा हक्क निरंकुश नाही, हेही सांगितले पाहिजे. सद्वर्तन ही पेन्शनीची अंगभूत अट आहे. नियम २७ प्रमाणे गंभीर गैरवर्तन वा हयगय सिद्ध झाल्यास शासन पेन्शन पूर्णतः वा अंशतः रोखू शकते, आणि हा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात मान्य केला आहे. तथापि त्यासही मर्यादा आहे. निवृत्तीनंतर नवी विभागीय चौकशी सुरू करावयाची तर शासनाची मंजुरी लागते, आणि चार वर्षांहून जुन्या घटनेबद्दल ती सुरू करता येत नाही. चौकशी चालू आहे एवढ्याच सबबीवर, नियमाचा आधार नसता, पेन्शन अडविता येत नाही. पेन्शन ही घटनेच्या अनुच्छेद ३००-अ मधील मालमत्ता होय, असे २०१३ साली झारखंडच्या प्रकरणात ठरले.

आता चुकीच्या दुरुस्तीचा विषय. आमच्या स्नेह्याची हकीकत येथेच सांगितली पाहिजे. २०११ च्या सुमारास मुलुंडला राहणारे आमचे एक ज्येष्ठ शिक्षकबंधू निवृत्त झाले. सहा-सात महिन्यांनी त्यांस एक पत्र आले : अमुक वर्षी आपली वेतननिश्चिती चुकीची झाली, सबब दिले गेलेले जादा वेतन एकरकमी भरावे. चूक कचेरीची होती. गुरुजींनी कसलीही खोटी माहिती दिली नव्हती; त्यांस तो हिशेब समजतही नव्हता. ते पत्र घेऊन ते आमच्या घरी आले व म्हणाले, “काय करावे?” आम्ही म्हणालो, “गुरुजी, सरकारी काम आहे. भरून मोकळे व्हा.” पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी राखून ठेवलेल्या पैशांतून त्यांनी ती रक्कम भरली. शस्त्रक्रिया वर्षभर लांबली. त्यांनी आम्हांस कधी बोल लावला नाही. आज ते हयातही नाहीत. परंतु आमचा सल्ला चुकीचा होता. कर्मचाऱ्याच्या दोषावाचून दिली गेलेली जादा रक्कम परत घेणे न्याय्य नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने श्यामबाबू वर्मा प्रकरणात १९९४ सालीच म्हटले होते. सतरा वर्षे तो निकाल पुस्तकांत होता, आणि जन्मभर मुलांस ‘वाचाल तर वाचाल’ असे सांगणाऱ्या आम्ही तो वाचला नव्हता.

१८ डिसेंबर २०१४ रोजी रफीक मसीह प्रकरणात हा नियम अधिक नेमका झाला. तृतीय व चतुर्थ श्रेणीतील कर्मचारी, निवृत्त झालेले अथवा वर्षाच्या आत निवृत्त होणारे, तसेच पाच वर्षांहून अधिक काळ चुकीने जादा रक्कम मिळालेले, यांच्याकडून वसुली करणे कायद्यास धरून नाही. केरळातील थॉमस डॅनियल या शिक्षकाकडून निवृत्तीनंतर दहा वर्षांनी मागितलेली रक्कम २०२२ मध्ये याच तत्त्वावर रद्द झाली. मात्र तीन गोष्टी विसरू नयेत. लबाडीने वा खोट्या माहितीने घेतलेल्या पैशांस हे संरक्षण नाही. मागील वसुली टळली तरी पुढील पेन्शन योग्य आकड्यावर आणता येते. आणि वेतननिश्चितीच्या वेळी ‘जादा रक्कम परत करीन’ असे वचनपत्र दिले असल्यास ते आड येऊ शकते. २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात तसे झाले. म्हणून पुढे केलेल्या कागदावर वाचल्यावाचून सही करू नये.

राज्याच्या नियमांतही चूक सुधारण्याची रीत आखून दिली आहे. अंतिमरीत्या मंजूर झालेली पेन्शन लेखनिकाची चूक सापडल्यावाचून पेन्शनराच्या तोट्यात बदलावयाची नाही, असा दंडक आहे. नियम १३४-अ प्रमाणे वसुली करावयाची झाली तरी आधी आपली बाजू मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते, व हप्ते असे पाडावे लागतात की ठरलेल्या किमान रकमेखाली पेन्शन जाऊ नये. प्रशासनाच्या दिरंगाईने पेन्शन वा उपदान लांबल्यास व्याजाचीही तरतूद आहे.

याउलट पेन्शन कमी बसली असेल तर? ही चूक दरमहा नव्याने होत राहते, म्हणून उशीर झाला तरी दाद मागता येते. परंतु थकबाकी सामान्यतः अर्जापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळते, असे २००८ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात ठरले. दहा वर्षे भिडेपोटी गप्प बसलेल्याची सात वर्षे बुडाली, असाच याचा अर्थ. कुटुंब-निवृत्तिवेतन घेणाऱ्या आपल्या माताभगिनींबाबत हे विशेष घडते. आदेशावरील आकडा त्या तपासून पाहात नाहीत.

दाद मागण्याची वाट अशी. प्रथम आपल्या कार्यालयाकडे लेखी अर्ज. राज्य शासनाच्या सेवकांनी चर्चगेट येथील महालेखापालांचे कार्यालय व वांद्रे येथील अधिदान व लेखा कार्यालय यांस प्रत द्यावी, पोच घ्यावी. न ऐकल्यास १९९१ पासून महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे; अनुदानित शाळांतील शिक्षकांस उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे. सेवापुस्तकाची प्रत, पेन्शन आदेश, वेतननिश्चितीचे कागद व दर नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्याची पोच एका फडक्यात बांधून ठेवावी आणि ते फडके कोठे आहे हे घरातील एकास तरी ठाऊक असावे.

१ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्या आपल्या मुलांस जुन्या नियमांची पेन्शन उरली नाही. मार्च २०२३ मधील सात दिवसांचा संप त्यासाठीच झाला. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. एवढेच म्हणतो की, वडिलांस मिळणारी रक्कम कृपा नसून तीस-पस्तीस वर्षांच्या सेवेची कमाई होती, हे मुलांस ठाऊक असले पाहिजे.

मंडळाच्या चालकांस आमची नम्र विनंती आहे. शिष्यवृत्ती व वधूवर सूचक कार्याबरोबरच महिन्यातून एक रविवार मंडळाच्या कचेरीत पेन्शनरांचे कागद पाहण्यासाठी राखून ठेवावा. ज्ञातीत वकील आहेत, लेखाखात्यातून निवृत्त झालेले आहेत. पत्रे वाचून दाखविण्याचे व अर्ज लिहिण्याचे काम आम्ही स्वतः करू. आमच्या दारी एक गुरुजी पत्र घेऊन आले होते, आणि त्यांस आम्ही विन्मुख पाठविले. ते ऋण फिटणारे नाही. निदान पुढचे पत्र घेऊन येणाऱ्यास तरी योग्य उत्तर मिळावे, इतकीच इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.