गिरणगावातील खाणावळी : उधारीवर उभा राहिलेला व्यवसाय

मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास बहुतांशी भांडवल, यंत्रे आणि संप या अंगांनी लिहिला गेला असून, गिरण्यांत राबणाऱ्या लाखो माणसांना दोन वेळचे जेवण कोण घालत होते आणि त्या जेवणाचे पैसे हाती येईपर्यंतचा भार कोण सोसत होते, हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला जातो. परळ, लालबाग, वरळी, नायगाव, शिवडी अशा कामगार वस्त्यांना मिळून गिरणगाव म्हटले जाई आणि तेथील चाळींच्या खोल्याखोल्यांतून खाणावळी, म्हणजे महिन्याच्या ठरलेल्या दरात रोजचे जेवण पुरवणारे घरगुती व्यवसाय, चालत असत. त्या चालवणाऱ्या बायकांच्या हाताला चव होती आणि दाराशी गिऱ्हाईकही होते. त्यांना शतकभर नडले ते भांडवल.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून माणसांचा ओघ मुंबईकडे लागला. येणारा गडी बहुधा एकटाच येई, कारण गावची तुकड्यातुकड्यांची शेती आणि म्हातारी माणसे सांभाळायला बायको मागे राहणे भाग असे. शिवाय गिरणीच्या पगारात मुंबईत बिऱ्हाड मांडणे परवडण्यासारखे नव्हते. १९२१च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम सव्वापाचशे होत्या आणि त्याच सुमारास सरकारच्या कामगार कार्यालयाने केलेल्या पाहणीत ९७ टक्के कामगार कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे आढळले. एकट्या पुरुषांची सोय त्याहून अडचणीची होती : एका गावचे दहा-पंधराजण मिळून एक खोली घेत, पहिल्या पाळीचे कामावर गेले की रात्रपाळीचे त्याच जागी वळकटी पसरत, आणि अशा खोलीत चूल मांडायला जागाही नसे आणि स्वयंपाकाला उसंतही नसे.

ही गरज शेजारच्या खोलीतल्या बाईने भागवली. दहा बाय बाराच्या खोलीत, मोरीला लागून असलेल्या कोळशाच्या शेगडीवर, पुढे रॉकेलच्या स्टोव्हवर, तिचे काम पहाटेच्या भोंग्याच्या कितीतरी आधी सुरू होई, कारण सकाळच्या पाळीला निघणाऱ्यांचे डबे भरून झाले की रात्रपाळीहून परतणाऱ्यांची पंगत बसे आणि ती उठते न उठते तोच दुपारच्या पाळीवाल्यांची भाकरी थापायला घ्यावी लागे. कोकणातल्या गड्यांना भात आणि माशाचे कालवण लागे, तर घाटावरच्यांना भाकरी आणि झणझणीत कोरड्यास, त्यामुळे खाणावळ बहुधा गाववार किंवा तालुकावार जमलेली असे आणि जेवणाच्या निमित्ताने गावाकडच्या बातम्या, नोकरीच्या ओळखी, लग्नाची बोलणीही तेथेच होत. हिशेब वहीत राही. जो कामगार गावी गेला किंवा आजारी पडला त्याच्या न जेवलेल्या दिवसाला खाडा म्हणत आणि महिनाअखेर खाड्यांचे पैसे वजा होत. ज्या बाईला अक्षरओळख नसे ती हा सगळा हिशेब तोंडपाठ ठेवी किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहवून घेई.

या व्यवसायात कोण शिरत होते, हेही पाहण्यासारखे आहे. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांमागे एक स्त्री होती. परंतु यंत्रांची आणि कामाची फेररचना होत गेली, रात्रपाळीला स्त्रियांना मनाई राहिली, मुंबई प्रांतात १९२९ साली आलेल्या प्रसूतीरजेच्या कायद्याने मालकांवर खर्चाची जबाबदारी टाकली, आणि रिळिंग-वायंडिंग या खात्यांपुरत्या उरलेल्या स्त्रियांची संख्या १९७०च्या दशकापर्यंत अगदीच घटली. गिरणीचे दार बंद झालेली बाई, विधवा, नवऱ्याने टाकलेली किंवा नवऱ्याची नोकरी ‘बदली’ची, म्हणजे कोणी गैरहजर राहील त्या दिवशीच मिळणारी, अशी बाई खाणावळीकडे वळे, कारण त्यासाठी पदरी असलेली भांडी आणि अंगातले कष्ट एवढेच पुरेसे आहेत असे वाटे.

प्रत्यक्षात ते पुरेसे नव्हते. गिरण्यांत पगार महिन्याने होई आणि तोही पुढच्या महिन्याचे दहा-पंधरा दिवस उलटल्यावर हाती पडे. म्हणजे एक तारखेला जेवायला लागलेल्या कामगाराकडून पहिला पैसा येईपर्यंत सहा आठवडे त्याला उधारीवर जेवू घालावे लागे. पंधरा-वीस माणसांचे सहा आठवड्यांचे धान्य, तेल आणि मसाला बाईजवळ रोखीने घेण्याइतका पैसा नसल्यामुळे ती वाण्याकडून उधार घेई. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असे, मालही निवडून घेता येत नसे. वाण्याने हात आखडला की सावकार गाठावा लागे, आणि त्या काळच्या चौकशांत वारंवार दिसणारा रुपयाला महिना एक आणा हा दर वर्षाला ७५ टक्के पडत असे. मंगळसूत्र आणि तांब्यापितळेची भांडी गहाण पडत. नीट पाहिले तर मालकाने पगार लांबवून स्वतःचे खेळते भांडवल वाचवले, त्याचा बोजा कामगाराने खाणावळीवर ढकलला आणि खाणावळवालीने तो सावकारी व्याजाने पेलला. कापड उद्योगाच्या ताळेबंदात कुठेही न दिसणारे हे कर्ज होते, आणि ते त्या उद्योगातील सर्वांत गरीब माणसाच्या नावावर होते.

संपात हा बोजा असह्य होई. १९२८चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. १९७४च्या आरंभीचा संप सुमारे सहा आठवडे लांबला. अशा वेळी युनियनचा निर्धार जितका कामी येई तितकीच खाणावळीची वहीही कामी येई, कारण पगार नसताना जेवण थांबले असते तर कामगाराला गावची वाट धरण्यावाचून गत्यंतर नव्हते.

१९७४च्या संपातील ही बाजू गिरणी कामगारांत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी नेमकी हेरली. गोवा मुक्तिलढ्यात कोवळ्या वयात उतरलेल्या आणि पुढे कम्युनिस्ट चळवळीत आलेल्या पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. खाणावळवाल्यांना बँकेचे कर्ज मिळवून द्यायला परिस्थिती एका अर्थाने अनुकूल होती : १९६९ साली १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि १९७२ पासून दुर्बल घटकांना वार्षिक ४ टक्के व्याजाने कर्ज देणारी, ‘डिफरन्शिअल रेट ऑफ इंटरेस्ट’ या नावाने ओळखली जाणारी योजना लागू होती. तरी योजना कागदावर असणे आणि बँकेच्या काउंटरपलीकडून खाणावळवालीला हाक येणे यांत मोठे अंतर होते. तिच्याजवळ तारण नव्हते, जामीन राहील असा पगारदार नव्हता, खोली तिच्या नावावर नव्हती, उत्पन्नाचा दाखला नव्हता आणि अनेकींना सहीही येत नव्हती. यावर मंडळाने काढलेला तोडगा म्हणजे गटजामीन : एकाच वस्तीतल्या, एकमेकींचा व्यवहार वर्षानुवर्षे पाहिलेल्या बायकांनी एकमेकींची हमी घ्यायची. पहिल्या खेपेला १४ जणींना प्रत्येकी १,५०० रुपये मिळाले. वाण्याकडून रोखीने, पोत्याच्या भावाने धान्य उचलायला ती रक्कम उपयोगी पडली, आणि परतफेड नियमित होत गेल्यावर पुढच्या बायकांसाठी वाट मोकळी झाली. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांचा जोब्रा गावातील छोट्या कर्जांचा प्रयोग १९७६चा, तर अहमदाबादेत ‘सेवा’ या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेची बँक १९७४ची, हे ध्यानात घेतले तर लालबाग-परळच्या या बायकांना छोट्या कर्जांच्या इतिहासात आजवर मिळाले त्याहून पुष्कळ मोठे स्थान मिळायला हवे.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि तो कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही. गिऱ्हाइके गावाकडे परतली, वहीतली येणी बुडाली आणि गिरण्यांबरोबर बहुसंख्य खाणावळीही आटल्या. मंडळाने आपल्या बायकांना कचेऱ्यांना जेवण पुरवणे, समारंभांचा स्वयंपाक, फराळाचे पदार्थ अशा कामांकडे वळवले. पुरव यांना २००२ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कन्या मेधा पुरव-सामंत यांनी १९९३ पासून पुण्याच्या झोपडपट्ट्यांत गटजामिनाचीच पद्धत नेली आणि तेथे कर्ज घेणाऱ्यांत भाजी विकणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, किरकोळ दुकान टाकणाऱ्या बायका आल्या.