आत्याची बोरमाळ

आमच्या आत्याची बोरमाळ तिच्या गळ्यात कमी आणि सावकाराच्या तिजोरीत जास्त राहिली. आता ती माझ्याकडे आहे. लाखेवर सोन्याचा पातळ पत्रा चढवलेले मणी, मागे लाल रेशमाचा गोंडा. मूळची ती आजीची, चाकणजवळच्या आमच्या वाडीतली.

आत्याचं लग्न १९६३ च्या वैशाखातलं. चीनचं युद्ध नुकतंच सरलं होतं. त्याच जानेवारीत अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले; १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडवायला बंदी. कितीतरी सोनारांचा धंदा बसला. आजोबांनी कांद्याच्या पट्टीतून पैसे साठवले होते, पण मनासारखा डाग कोण घडवून देणार? "असल्या सोन्यात माझी लेक उजवायची नाही," असं आजी म्हणाली म्हणे, आणि तिनं स्वतःच्या गळ्यातली बोरमाळ काढून लेकीला घातली. थोरले काका सांगायचे, आजी तेव्हा रडली. धाकटे म्हणायचे, छे, ती कुठली रडतेय! मला थोरल्यांचं खरं वाटतं.

आत्या पिंपरीला नांदायला आली. तिच्या मालकांना आम्ही मामा म्हणायचो. मामा एच. ए. कंपनीत, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये. १९५४ साली स्थापन झालेला हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना, टेल्को आणि बजाज या पट्ट्यात यायच्या आधीचा. गावाकडं कुणाला सुई टोचली की आजी सांगायची, "आमच्या जावयाच्या कारखान्यातलं औषध आहे." औषध कुठलंही असो.

पुढं भोसरीत, आकुर्डीत कारखाने वाढले आणि नाशिक रस्त्यानं आमच्या बाजूची पोरं एसटीतून उतरू लागली. नाशिक फाट्याला उतरायचं आणि आत्याचं घर विचारायचं, एवढंच त्यांना ठाऊक. कुणी आठवडा राहिला, कुणी वर्ष. दोन खोल्यांत रात्री पाय ठेवायला जागा नसायची. माझे वडीलही तिथंच राहून आयटीआय शिकले, आणि त्यांच्या फीसाठी बोरमाळ पहिल्यांदा गहाण पडली. दुसऱ्यांदा १९७२ च्या दुष्काळात. वाडीतल्या विहिरी आटल्या, आजोबांसारखा बागायतदार खडी फोडायला गेला, घराघरांत मिलोच्या तांबड्या भाकरी. तेव्हा आत्यानं माळ ठेवून माहेरी धान्य पाठवलं. त्यानंतरही ती जातयेत राहिली; कुणासाठी, ते आत्यानं कधी सांगितलं नाही. घेणाऱ्याची मान खाली जाईल असं एक अक्षर तिच्या तोंडून आलं नाही.

माळ सुटून आली की घरात सण असायचा. रिठ्याच्या कोमट पाण्यात ती हलक्या हातानं धुवायची, जोर केला तर पत्रा चेपतो म्हणून. आणि त्या दिवशी मासवडी. आमच्या खेड-जुन्नरकडची ही मासवडी ज्यानं खाल्ली नाही त्याला काय सांगावं! बेसन घोटून शिजवायचं, गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचं, वर खोबरं, तीळ, खसखस आणि लसणाचं सारण पसरून फडक्यासकट गुंडाळी वळायची. हात पोळायचे, पण आत्या कुणाला थापू द्यायची नाही. सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. त्या चवीची मासवडी मला अजून जमलेली नाही.

नंतर चाकणच बदललं. जिथं कांद्याच्या आरणी लागायच्या तिथं गोदामं आली, बजाज आली, २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. आता आमच्याकडच्या पोरांना पिंपरीला कुणाच्या घरी राहायची गरज उरली नाही, उलट लांबलांबची पोरं चाकणला खोल्या शोधत येतात. त्यांच्यासाठी कोण आत्या आहे, हा विचार मला फार छळतो.

आजारपणात आत्यानं माळ माझ्या हातात दिली. म्हणाली, "लॉकरमध्ये कोंडू नको. नडीला काढ."

मध्यंतरी सराफानं ती मोडून नवी करायचं सुचवलं. लाख वजा जाता सोनं फारसं भरणार नव्हतं. मी नको म्हणाले आणि पटवेकऱ्याकडून ती नव्या रेशमात गाठवून घेतली. तुमच्याही घरात असा एखादा डाग असेल. मोडीत घालण्याआधी घरातल्या थोरल्या बाईजवळ बसा आणि तो कुणाकुणासाठी गहाण पडला होता, तेवढं विचारून घ्या.