अनामिक वीरगळापासून ग्रॅनाईटच्या नामफलकापर्यंत : उमरगा परिसरातील स्मृतिशिळांचा ऐतिहासिक विचार

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेला उमरगा तालुका स्मृतिशिळांच्या अभ्यासासाठी महत्त्वाचा ठरतो. येथे दहन करणाऱ्या समाजांबरोबरच दफनाची परंपरा पाळणारे लिंगायत व मुस्लिम समाजही पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत. भूगर्भदृष्ट्याही हा प्रदेश दगडांच्या सीमेजवळचा आहे. उमरग्याची भूमी दख्खनच्या काळ्या बेसाल्टची. दक्षिणेकडे कलबुर्गी जिल्ह्यात शहाबादचा चुनखडक लागतो आणि त्याच्या पलीकडे ग्रॅनाईटचा विस्तीर्ण पट्टा सुरू होतो. मृताच्या स्मृतीसाठी कोणता दगड निवडावा, हा प्रश्न त्यामुळे येथे केवळ खर्चाचा राहत नाही. दगड बदलला तसे स्मारकाचे प्रयोजनही बदलले आणि कृतीच्या जागी नाव आले, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन केले आहे.

या परंपरेचा सर्वांत जुना ठळक पुरावा म्हणजे वीरगळ. हा शब्दच मुळी कन्नडमधून आला आहे. 'कल्लु' म्हणजे दगड. 'वीरगल्लु' म्हणजे वीराचा दगड. वीरगळावर सामान्यतः तीन किंवा चार चौकटी कोरलेल्या असतात. खालच्या चौकटीत युद्धाचा किंवा गुरे सोडवण्याचा प्रसंग, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य किंवा कलश. सतीशिळेवर बांगड्या भरलेला, कोपरात वाकवलेला हात असतो. एस. शेट्टर आणि गुंथर सोनथायमर यांनी संपादित केलेल्या १९८२ च्या ग्रंथामुळे या शिळांच्या अभ्यासाला अखिल भारतीय चौकट मिळाली.

तथापि एक फरक विशेष लक्षणीय आहे. कर्नाटकातील अनेक वीरगळांवर वीराचे नाव, राजाचे नाव व शकवर्ष देणारे लेख आहेत. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळ मात्र अलिखित आहेत. याचे एक कारण दगडात शोधता येते. बारीक कणांच्या काळ्या बेसाल्टवर कोरलेले अक्षर पृष्ठभागाच्याच रंगाचे राहते आणि उन्हापावसात ते लवकर दिसेनासे होते. उठावाचे शिल्प मात्र सावलीच्या आधाराने दुरूनही ओळखता येते. परंतु हे कारण पुरेसे नाही, कारण याच बेसाल्टवर यादवकालीन शिलालेख कोरले गेले आहेत. वीरगळ वाचण्यासाठी नव्हे, तर शेंदूर लावून पूजण्यासाठी उभा केला जात असे, हे कारण अधिक सबळ वाटते. ज्या गावाने तो उभारला त्या गावाला नाव ठाऊकच होते. त्या गावाच्या चार पिढ्या उलटल्या आणि नाव गेले. शिळा देव होऊन राहिली.

दफनाच्या परंपरांतही नावाला दुय्यम स्थान होते. लिंगायत परंपरेत मृतास बैठ्या स्थितीत, हाती इष्टलिंग देऊन समाधिस्थ केले जाते; वर चौथरा आणि त्यावर लिंग किंवा नंदी. समाधी लिंगायताची आहे एवढे त्यातून कळते, कोणाची हे कळत नाही. दख्खनच्या मुस्लिम थडग्यांवर पुरुषासाठी कलमदानाचा उंचवटा आणि स्त्रीसाठी सपाट तख्ती ही खूण रूढ होती. कबर पक्की बांधणे व तिच्यावर मजकूर लिहिणे अनेक धर्मशास्त्रज्ञांना मान्य नाही. तरीही उशाशी दगड उभा करण्याची चाल टिकून राहिली, हा लोकव्यवहार आणि शास्त्र यांच्यातील नेहमीचाच ताण होय.

शहाबादी फरशी हा यातील मधला टप्पा. ती थरांनी सुटते, घडाईचा खर्च कमी आणि पृष्ठभाग आपोआप सपाट. चौथऱ्यावर अंथरण्यास ती उत्तम. परंतु चुनखडक असल्याने तिच्यावरील अक्षरे कालांतराने झिजतात. संगमरवराचेही तेच होते.

ग्रॅनाईटने हा प्रश्न सोडवला. त्यातील क्वार्ट्‌झ व फेल्डस्पार ही कठीण खनिजे झिलई धरतात आणि आम्लालाही दाद देत नाहीत. इलकलचा तांबडा, करीमनगरचा तपकिरी आणि दक्षिण कर्नाटकातील काळा हे प्रकार बाजारात परिचित आहेत. स्मृतिफलकासाठी काळ्याला अधिक मागणी असते, कारण झिलईदार काळ्या पृष्ठावर कोरलेला भाग फिकट दिसतो आणि नाव दुरूनही वाचता येते. लेसरने छायाचित्रही उतरवता येते. गंमत अशी की व्यापारात 'काळा ग्रॅनाईट' म्हणून विकला जाणारा दगड शास्त्रीयदृष्ट्या बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे खनिजांच्या दृष्टीने बेसाल्टचाच सख्खा भाऊ. घरच्या काळ्या पाषाणाला नाकारून शेकडो किलोमीटरवरून आणलेला दगड असा त्याच कुळातला निघतो. फरक कुळाचा नाही, कणांच्या आकाराचा आणि झिलईचा आहे.

दगड कितीही टिकाऊ असला तरी या भागात त्याला जमिनीशी झुंजावे लागते. काळी भारी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उभा दगड कलतो. वीरगळाचा बराच भाग जमिनीत पुरण्यामागे हेच शहाणपण होते. ग्रॅनाईटची पातळ पाटी नुसत्या मातीत उभी केल्यास कलते. तिच्यासाठी मुरमापर्यंत पाया खोदावा लागतो. ग्राहक रंग पाहतो, पाया क्वचितच विचारतो.

या इतिहासात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेला वेगळे स्थान आहे. किल्लारीच्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेली. त्यात तेव्हा उमरगा तालुक्यात असलेले आणि आता लोहारा तालुक्यातील सास्तूरही होते. वीरगळ ज्या पाषाणातून घडले, त्याच पाषाणाने घरे बांधली होती. प्रेते सामूहिक चितांवर गेली. एकेका माणसासाठी दगड निवडण्यास कोणाजवळ वेळ नव्हता आणि अनेक घरांत निवडणारेही उरले नव्हते. जुन्या किल्लारीत सर्वांसाठी मिळून एक स्मृतिस्तंभ उभारला गेला आणि दरवर्षी ३० सप्टेंबरला तेथे मानवंदना दिली जाते. पुनर्वसनात ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवण्यात आली. घरांचे पत्ते बदलले, शाळा व बाजार नव्या गावात गेले. समाधी मात्र उचलून नेता येत नाही.