दिनविशेष – २२ एप्रिल १९७१ : माजी सैनिकाची सिनेटपुढे साक्ष

व्हिएतनाम युद्धातून परतलेला २७ वर्षांचा नौदल अधिकारी जॉन केरी १९७१ मध्ये आजच्या दिवशी अमेरिकी सिनेटच्या परराष्ट्र संबंध समितीपुढे उभा राहिला. अंगात फौजी हिरवा सदरा, छातीवर शौर्यपदकांच्या फिती. ‘व्हिएतनाम व्हेटरन्स अगेन्स्ट द वॉर’ या माजी सैनिकांच्या संघटनेतर्फे तो बोलत होता. समितीचे अध्यक्ष होते विल्यम फुलब्राइट.

नागरिकांवर झालेल्या अत्याचारांची जबाबदारी केवळ शिपायांवर न ढकलता युद्धाची धोरणे आखणाऱ्यांना जाब विचारा, अशी त्याची मागणी होती. मॅक्नमारा, रॉस्टो, बंडी या धोरणकर्त्यांची नावे घेऊन ते आज कुठे आहेत, असे त्याने विचारले. युद्ध थांबवण्याचा अधिकार काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, वापरावा, असा आग्रहही धरला. दुसऱ्या दिवशी शेकडो माजी सैनिकांनी आपली पदके कॅपिटॉलसमोरच्या कुंपणापलीकडे भिरकावली.

अत्याचारांच्या आरोपांनी अनेक माजी सैनिक दुखावले. केरी स्वतः उमेदवार असलेल्या २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीतही हा वाद उफाळला. मात्र युद्धावर लोकप्रतिनिधींचा अंकुश हवा, ही मागणी जोर धरत गेली. नोव्हेंबर १९७३ मध्ये अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने युद्धाधिकार कायदा संमत केला. सैन्य लढाईत उतरवल्यास ४८ तासांत काँग्रेसला कळवण्याचे आणि तिच्या मंजुरीविना साधारण ६० दिवसांत कारवाई थांबवण्याचे बंधन त्याने अध्यक्षांवर घातले.

रणांगणावर पाठवलेल्या जवानाला उत्तर मागण्याचा पहिला हक्क आहे, आणि ते मिळवून देणे हे संसदेचे कर्तव्यच आहे.