शिर्डीला विमानाने की कारने? इंधन कशात कमी लागते?

शिर्डीचे विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाले. ते अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील कोपरगाव तालुक्यात, काकडी येथे आहे. त्यामुळे हैदराबादसारख्या शहरांतील साईभक्तांसमोर रस्ता आणि रेल्वेबरोबर विमानाचाही पर्याय आला. पण माणशी इंधन नेमके कशात जास्त जळते?

तुलना कशी करायची?

विमान तासाला किती इंधन पिते, हे पाहून उपयोग नाही. एकूण इंधनाला प्रवाशांच्या संख्येने भागले, तरच खरा हिशेब कळतो.

हैदराबाद-शिर्डी : ढोबळ हिशेब

हवाई अंतर सुमारे ५०० किलोमीटर आहे. ७० आसनांच्या एटीआर-७२ या पंख्याच्या विमानाला त्यासाठी साधारण १,००० लिटर इंधन लागते असे धरू. विमान भरलेले असेल, तर माणशी सुमारे १४ लिटर. निम्मे रिकामे असेल, तर जवळपास २८ लिटर.

रस्त्याने हेच अंतर ६०० किलोमीटरच्या आसपास जाते. लिटरला १८ किलोमीटर धावणाऱ्या कारला ३३ लिटर पेट्रोल लागेल. म्हणजे :

- एकटा प्रवासी : ३३ लिटर
- दोघे : माणशी साडेसोळा लिटर
- तिघे : ११ लिटर
- चौघे : सुमारे ८ लिटर

थोडक्यात, एकट्याने कार नेण्यापेक्षा भरलेले विमान परवडते. तिघे-चौघे असतील, तर कार सरस ठरते.

जवळच्या प्रवासात काय होते?

उड्डाण करताना आणि उंची गाठताना विमान सर्वाधिक वेगाने इंधन जाळते. अंतर कमी असेल, तर एकूण खर्चात या टप्प्याचा वाटा वाढतो. म्हणून मुंबई-शिर्डीसारख्या सुमारे २४० किलोमीटरच्या प्रवासात विमानाचा हिशेब आणखी बिघडतो.

'समृद्धी'वरचा वेग

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. इथे कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. मात्र हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १२० ने गेल्यास तो सव्वादोन पट होतो आणि गाडीचे ॲव्हरेज घसरते.

मग सर्वात कमी इंधन कशात?

लिटरला साधारण साडेचार किलोमीटर धावणाऱ्या एसटीत ४० प्रवासी असतील, तर एका लिटरमध्ये प्रत्येकाचे साडेचार किलोमीटर, म्हणजे एकूण १८० प्रवासी-किलोमीटर होतात. वरच्या हिशेबात चौघांच्या कारला ७२ आणि भरलेल्या विमानाला सुमारे ३५ मिळतात. मुंबईहून येणाऱ्यांसाठी १० फेब्रुवारी २०२३ पासून विजेवर धावणारी वंदे भारतही आहे.

वेळ वाचवायचा असेल, तर विमान. इंधन वाचवायचे असेल, तर एसटी, रेल्वे किंवा भरलेली कार.