जुनं वॉर्सा, साल १९५३

युरोपातल्या कुठल्याही नावाजलेल्या शहरात हल्ली सकाळी मुख्य चौकात गेलं, की रंगीत छत्री उंच धरून उभी असलेली एखादी व्यक्ती दिसतेच. तिच्याभोवती पंधरा-वीस माणसं जमतात आणि मग अडीच-तीन तास त्या छत्रीच्या मागून शहर पायी बघायचं. बसच्या खिडकीतून शहराचे नुसते दर्शनी भाग दिसतात. पायी चालताना थांबता येतं, भिंतीला हात लावता येतो, शंका विचारता येते. मी अशा बऱ्याच फेऱ्या केल्या आहेत. सगळीकडे साधारण एकाच चालीवर माहिती मिळते: हे घर पंधराव्या शतकातलं, ही वेस सोळाव्या शतकातली. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, मात्र आमच्या गाईड मुलीनं सुरुवातीलाच सांगून टाकलं, ''आता आपण जे जुनं शहर बघणार आहोत, ते माझ्या आजीपेक्षा वयानं लहान आहे.''

तिची आजी ऐंशीच्या पुढची होती. त्या मानानं हिशेब बरोबर होता. वॉर्साच्या जुन्या भागातला बाजारचौक लोकांसाठी खुला झाला तो २२ जुलै १९५३ रोजी.

फेरी सुरू होते राजवाड्यासमोरच्या चौकात. मधोमध एक उंच स्तंभ आहे आणि त्यावर हातात क्रूस व तलवार घेतलेला राजा झिग्मुंट तिसरा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस यानंच आपलं बस्तान क्राकूफहून वॉर्साला हलवलं, म्हणून राजधानीत त्याचा मान पहिला. त्याच्या मुलानं १६४४ मध्ये हा स्तंभ उभारला. बरोबर तीनशे वर्षांनी, सप्टेंबर १९४४ च्या सुरुवातीला, जर्मन सैन्यानं तो पाडला. खांबाचे तुकडे झाले, राजाचा पुतळा मात्र मोडतोड होऊनही वाचला आणि १९४९ मध्ये नव्या खांबावर पुन्हा चढला. जुन्या खांबांचे तुकडे अजून राजवाड्याच्या कडेला गवतात आडवे ठेवलेले आहेत. लहान मुलं त्यावर चढून फोटो काढून घेतात.

हे सगळं का घडलं ते थोडक्यात सांगायला हवं. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला, तेव्हा वॉर्साची वस्ती तेरा लाखांच्या आसपास होती. पाच वर्षांच्या ताब्यानंतर, १ ऑगस्ट १९४४ रोजी, तिथल्या भूमिगत सेनेनं उठाव केला. तो ६३ दिवस चालला. सोव्हिएत सैन्य दरम्यान विस्तुला नदीच्या पलीकडच्या काठाशी येऊन ठेपलं होतं, पण ज्या मदतीची आशा होती ती आली नाही. दीड ते दोन लाख नागरिक मारले गेले. उरलेल्यांना शहराबाहेर हाकललं गेलं. खरी गोष्ट पुढे आहे. लढाई संपली होती, शहर रिकामं होतं, आणि तरीही जर्मनांच्या खास तुकड्या महिनोन् महिने गल्लीबोळांतून फिरत एकेक इमारत जाळत आणि सुरुंगानं उडवत राहिल्या. ग्रंथालयं, चर्च, दफ्तरखाने यांना अग्रक्रम. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा आत आल्या तेव्हा शहराचा सुमारे ८५ टक्के भाग उद्‌ध्वस्त झालेला होता. युद्धात शहरं उद्‌ध्वस्त होतात. पण हे युद्धात झालेलं नुकसान नव्हतं, हे वेगळं काढलेलं काम होतं.

गाईडजवळ फोटोंची एक वही होती. प्रत्येक थांब्यावर ती १९४५ सालचा त्याच जागेचा फोटो उघडून धरायची. समोर लाल रंगाचा डौलदार राजवाडा, आणि फोटोत एका पडक्या भिंतीचा तुकडा. १७ सप्टेंबर १९३९ रोजी बॉम्बफेकीत राजवाड्याला आग लागली आणि मनोऱ्यावरचं घड्याळ सव्वाअकराला बंद पडलं. पुढे जर्मनांनी भिंतींना दारू ठासण्यासाठी भोकं पाडली आणि १९४४ मध्ये राजवाडा उडवून दिला. आधीच्या धामधुमीत संग्रहालयातल्या लोकांनी चित्रं, कोरीव दगड, दारांच्या चौकटी, जे हाती लागेल ते चोरून बाहेर काढलं होतं. ते तुकडे आज नव्या भिंतींत ज्याच्या त्याच्या जागी बसवलेले आहेत. राजवाड्याची पाळी मात्र फार उशिरा आली. कम्युनिस्ट सरकारनं आजूबाजूची घरं आधी बांधली. पण ज्या वास्तूत १७९१ ची राज्यघटना मंजूर झाली, जी स्वतंत्र पोलंडची खूण होती, तिचा निर्णय १९७१ पर्यंत लांबवला. मग लोकवर्गणी झाली. घड्याळ १९७४ मध्ये सुरू केलं, तेही सव्वाअकरालाच. राजवाडा पाहायला खुला झाला १९८४ मध्ये.

याच चौकाच्या पोटातून मोटारींचा बोगदा जातो, हे वरून कळतही नाही. तो १९४९ चा. खालून वर यायला त्याच वर्षी सोव्हिएत बनावटीचा सरकता जिना बसवला. म्हणजे सतराव्या शतकाच्या चौकाआधी विसाव्या शतकाचा बोगदा तयार होता! मला ही गंमत फार आवडली.

आता प्रश्न असा, की जे पार नाहीसं झालं ते पुन्हा बांधायचं तर कशावरून? पर्यटकांना सांगितली जाणारी लाडकी गोष्ट म्हणजे चित्रांवरून. अठराव्या शतकात पोलंडच्या राजाच्या पदरी बेर्नार्दो बेलोत्तो नावाचा व्हेनिसचा चित्रकार होता. प्रसिद्ध कानालेत्तोचा तो भाचा, आणि मामाचंच नाव लावायचा. त्यानं वॉर्साचे रस्ते आणि वाडे अतिशय बारकाईनं रंगवले. नाझींनी ती चित्रं पळवली होती, युद्धानंतर ती परत मिळाली. राजवाड्याच्या दक्षिणेकडच्या हमरस्त्यावरच्या काही वास्तू बांधताना त्यांचा उपयोग झाला हे खरं. पण चित्रकार तो चित्रकार. कुठे एखादी मूर्ती वाढवलेली, कुठे सज्जा सजवलेला. तेव्हा काही ठिकाणी मूळ इमारतीपेक्षा चित्रातली इमारतच बांधली गेली. आणि मुख्य म्हणजे ज्या बाजारचौकाकडे आम्ही निघालो होतो, तो बेलोत्तोनं रंगवलेलाच नाही.

बाजारचौक वाचला तो विद्यार्थ्यांमुळे. युद्धाआधी वॉर्साच्या तंत्रविद्यापीठात वास्तुशास्त्राचे विद्यार्थी आणि शिक्षक जुन्या घरांची मोजमापं घेऊन नकाशे काढत असत. आपल्याकडे कॉलेजात करून घेतात तसलंच ते काम, परीक्षेपुरतं वाटणारं. जर्मन ताब्यातही ते गुपचूप चालू राहिलं. उठाव मोडल्यानंतर शहर जळत असताना त्या नकाशांचे गठ्ठे बाहेर काढून प्योत्रकूफ गावातल्या एका मठात लपवण्यात आले. १९४५ च्या फेब्रुवारीत राजधानी पुनर्रचना कार्यालय स्थापन झालं तेव्हा हातात काय होतं, तर हे कागद, युद्धाआधीचे फोटो आणि ढिगाऱ्यात शिल्लक असलेली तळघरं, चौकटी, काही भिंती.

या कार्यालयाच्या ऐतिहासिक वास्तू विभागाचे प्रमुख होते प्राध्यापक यान झाखवातोविच. त्यांची अडचण अशी, की पडलेली वास्तू नव्यानं बांधणं हे त्यांच्याच शास्त्रात निषिद्ध मानलं जाई. जे उरलं ते जपा, नसलेलं उभं करून लोकांची फसवणूक करू नका, असा दंडक. झाखवातोविच यांना तो मान्य होता. तरीही त्यांनी भूमिका घेतली, की इथे काळानं किंवा अपघातानं काही पडलेलं नाही. एका समाजाची आठवण पुसण्यासाठी ते पाडलेलं आहे, म्हणून इथे नियम लागू पडत नाही. जगाला हे पटायला वेळ लागला. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीसाठी वॉर्सानं १९७८ मध्ये अर्ज केला तेव्हा निर्णय पुढे ढकलला गेला. पंचवीस वर्षांपूर्वीची घरं वारसा कशी, हा सवाल रास्तच होता. १९८० मध्ये जुनं वॉर्सा यादीत आलं, ते घरांच्या वयासाठी नव्हे, तर ती पुन्हा बांधण्याच्या कामासाठी.

बाजारचौक आहे मात्र देखणा. अरुंद, उंच, खेटून उभी असलेली घरं. पिवळा, गेरूचा, फिका हिरवा रंग. मधे तलवार-ढाल घेतलेली मत्स्यकन्या. पण निरखून पाहिलं की १९५० चं दशक दिसू लागतं. भिंतींवरची चित्रं त्या काळच्या चित्रकारांनी आपल्या मनानं काढलेली आहेत. पूर्वी घरांच्या मागे दाटीवाटीनं उभे असलेले, ऊन न शिरणारे भाडोत्री खुराडे परत बांधले नाहीत. तिथे मोकळी अंगणं ठेवली. आत नळ, न्हाणीघरं असलेले आधुनिक फ्लॅट केले. जवळच्या सेंट जॉन कॅथीड्रलची दर्शनी बाजू तर १९३९ ची नाहीच. एकोणिसाव्या शतकातला इंग्रजी थाटाचा दर्शनी भाग त्यांना आवडत नव्हता, म्हणून मूळ मध्ययुगात कसा असेल याचा अंदाज बांधून विटांचा नवा चेहरा दिला. म्हणजे युद्धाआधी जे होतं ते नव्हे, तर जे असायला हवं होतं असं वाटलं, ते उभं राहिलं. याच कॅथीड्रलच्या बाजूच्या भिंतीत एका जर्मन सुरुंगवाहू गाडीच्या पट्ट्याचा लोखंडी तुकडा मुद्दाम बसवला आहे. माझ्या मते सबंध जुन्या शहरात तो सर्वांत प्रामाणिक आहे.

आणि विटा? ढिगाऱ्यातल्या पुरल्या नाहीत. १९४५ नंतर जर्मनीचा जो प्रदेश पोलंडकडे आला, तिथल्या व्रोत्सवाफसारख्या शहरांतून, म्हणजे पूर्वीच्या ब्रेस्लाऊमधून, आगगाड्या भरभरून विटा आणल्या. त्यासाठी पडलेल्या इमारती उचलल्या, तशा दुरुस्त होऊ शकणाऱ्याही पाडल्या. ''सारा देश आपली राजधानी बांधतो आहे,'' ही तेव्हाची घोषणा होती. गाईड म्हणाली, ''माझे पणजोबा व्रोत्सवाफला कारकून होते. पगारातून राजधानीसाठी पैसे कापले जात आणि खिडकीतून शेजारची भिंत जाताना दिसे.'' एक शहर जुनं व्हावं म्हणून दुसऱ्याचं जुनेपण गेलं. घोषणेत ते मावत नाही.

सोळाव्या शतकातल्या बुरुजवेशीतून आम्ही बाहेर पडलो. तीही १९५० च्या दशकातली, तिच्याही विटा बाहेरगावच्या. तटाला लागून डोक्यापेक्षा मोठं शिरस्त्राण घातलेल्या लहान मुलाचा पुतळा आहे, उठावात निरोप पोचवणाऱ्या पोरांची आठवण म्हणून. हा पुतळा १९८३ मध्ये बसला, तोही स्काउटच्या मुलांनी पैसे जमवून. पुढे क्राशिन्स्की चौकात उठावाचं भव्य स्मारक आहे. एक शिल्पगट धावतो आहे, दुसरा गटाराच्या झाकणातून खाली उतरतो आहे. जुना भाग पडला तेव्हा पाच हजारांवर माणसं इथूनच सांडपाण्याच्या भुयारांतून निसटली. स्मारकाचं साल १९८९. ज्या राजवटीनं १९५३ मध्ये चौक थाटात खुला केला, तिला तो ज्यांच्या लढाईनंतर जळला त्यांचं स्मारक उभारायला आणखी छत्तीस वर्षं लागली, कारण ते लढवय्ये मॉस्कोला नको असलेल्या लंडनच्या सरकारशी इमान राखणारे होते. घरं बांधणं सोपं होतं.

तिथल्या बागेच्या टोकाला माँटे कॅसिनोच्या लढाईचं स्मारक आहे, आणि त्याच्याजवळ एक छोटं स्मारक, ज्यावर चक्क कोल्हापूरचं नाव! आमच्या घोळक्यात मी एकटाच मराठी, त्यामुळे सांगायचं काम माझ्याकडे आलं. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांना सोव्हिएत सत्तेनं १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधून सायबेरियाकडे हाकललं होतं. तिथून सुटून ती इराणमार्गे भारतात पोचली. कित्येकींचे नवरे आणि भाऊ माँटे कॅसिनोला लढलेल्या सैन्यात होते. म्हणून ही दोन स्मारकं शेजारी. हे स्मारक २०१७ चं. पण एक गोष्ट तिथे उभं राहून जाणवली. वळिवड्याची बहुतेक माणसं वॉर्साची नव्हतीच. त्यांची गावं युद्धानंतर सोव्हिएत संघात गेली. राजधानीचा चौक हुबेहूब उभा राहिला तेव्हा यांच्यातली अनेक कुटुंबं इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात नवी घरं मांडत होती.

शेवटचा टप्पा मुरानूफ. बहुतेक फेऱ्या इथवर येत नाहीत. चौकात कॉफी पाजून संपतात. युद्धाआधी वॉर्सात साडेतीन लाखांच्या घरात ज्यू राहत, आणि मुरानूफ हा त्यांच्या वस्तीचा गाभा. १९४० मध्ये जर्मनांनी इथे भिंत घातली आणि आत चार लाखांवर माणसं कोंडली. १९४२ च्या उन्हाळ्यात त्यांतल्या अडीच लाखांहून अधिक जणांना ट्रेब्लिंकाला नेऊन मारलं. एप्रिल १९४३ मध्ये उरलेल्यांनी हत्यार उचललं. महिनाभरात सगळा भाग जाळून सपाट करण्यात आला. फोटोंच्या वहीत इथलं पान उघडलं तर त्यात विटांचा समुद्र, मधे एकटं चर्च.

हा भाग मात्र कुणी पूर्वीसारखा बांधला नाही. इथल्याही गल्ल्या होत्या, दुकानं होती, पण त्या परत मागायला माणसं उरली नव्हती. शिवाय ढिगारा इतका, की उचलणं अशक्य. वास्तुरचनाकार बोहदान लाखेर्त यांनी मग ढिगाऱ्यावरच वसाहत बांधायची ठरवली. पडक्या विटा दळून त्यांचेच ठोकळे पाडले आणि त्यांच्या भिंती केल्या. म्हणून मुरानूफमधल्या कित्येक इमारती रस्त्यापेक्षा उंचावर, गवताच्या उतारांवर उभ्या आहेत. दाराशी जायला आठ-दहा पायऱ्या चढाव्या लागतात. त्या पायऱ्यांखाली जुनी वस्ती आहे. भिंती तांबूस, बिनगिलाव्याच्या ठेवायच्या, म्हणजे त्या कशाच्या आहेत ते लोकांच्या लक्षात राहील, असा लाखेर्त यांचा बेत होता. राहायला आलेल्यांना ते उदास वाटू लागलं. १९५१ मध्ये भिंतींना गिलावा केला, वर थोडी नक्षीही काढली.

गाईडनं छत्री मिटली. एका इमारतीच्या कोपऱ्यावर गिलाव्याचा पोपडा सुटला होता, तिकडे तिनं बोट केलं. आत ठोकळा दिसत होता, आणि ठोकळ्यात लाल विटेचे बारीक बारीक कण.